कॅमेऱ्याखालची जमीन

गॅझेबो या रोबोंच्या सिम्युलेटरमध्ये नवे जग उघडले की सुरुवातीला तिथे फारसे काही नसते. राखाडी सपाट जमीन, तिच्यावर एकेक मीटरवर आखलेल्या रेघा आणि मधोमध तीन रंगांचे अक्ष. त्यात चाकांचा एखादा रोबो आणून सोडायचा, त्याच्या डोक्यावर कॅमेरा बसवायचा आणि दुसऱ्या खिडकीत त्या कॅमेऱ्याचे चित्र पाहायचे. सरावलेल्या विद्यार्थ्याला याला फार वेळ लागत नाही. पण चित्र समोर आले की त्याला विचारा, या चित्रात जमिनीचा नेमका कुठला तुकडा आला आहे? त्याचे चार कोपरे रोबोपासून किती मीटरवर आहेत? बहुतेक वेळा उत्तरादाखल हाताने हवेत एक चौकोन काढला जातो. त्या चौकोनाच्या जागी आकडे यावेत, आणि ते आकडे विद्यार्थ्याने स्वतः काढलेले असावेत, म्हणून हे पुस्तक लिहिले आहे.

प्रश्न छोटा वाटतो, पण रोबोचे बरेचसे पुढचे काम त्यावर उभे असते. तण काढणाऱ्या रोबोला चित्रातले तण ओळखता आले म्हणून भागत नाही. हात किती सेंटिमीटर पुढे आणि किती डावीकडे न्यायचा हे त्याला कळावे लागते. गावठाणाची मोजणी करणाऱ्या ड्रोनच्या एका छायाचित्रात किती जमीन मावते याचा हिशेब चुकला, तर दोन छायाचित्रांच्या मधली पट्टी मोजायचीच राहून जाते. २७ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर प्रज्ञान रोव्हरच्या वाटेत एक विवर आले. इस्रोने तेव्हा सांगितले की विवराचा व्यास ४ मीटर आहे, ते ३ मीटर पुढे आहे आणि रोव्हरला आल्या वाटेने परत फिरण्याची आज्ञा दिली आहे. बातमी वाचताना आपले लक्ष विवराकडे गेले. माझ्या मते त्या वाक्यातली खरी कमाई ‘३ मीटर पुढे’ या शब्दांत होती. कॅमेऱ्याला मीटर कळत नाहीत, त्याला फक्त पिक्सेल मिळतात. पिक्सेलचे मीटर कुणीतरी केले होते, आणि ते बरोबर केले होते.

हे शिकायला सिम्युलेटरसारखी जागा नाही, असे मी पूर्ण विचारांती म्हणतो. खऱ्या मैदानावर उत्तर चुकले की चूक कुठे झाली ते सांगता येत नाही. भिंगाने रेघ वाकवली असेल, कॅमेऱ्याचा स्क्रू सैल असेल, चाक घसरले असेल, जमीनच एका बाजूला उतरती असेल. सगळ्या चुका एकमेकींत मिसळून येतात. सिम्युलेटरमध्ये त्या एकेक करून बंद करता येतात, आणि मुख्य म्हणजे तिथे खरे उत्तर माहीत असते. रोबो कुठे उभा आहे, कॅमेरा किती झुकला आहे, दगड कुठे ठेवला आहे, हे सगळे आपणच लिहिलेले असते. आपले गणित आणि खरे उत्तर इतके शेजारी ठेवून पाहण्याची सोय दुसरीकडे मिळत नाही.

गॅझेबोची सुरुवात २००२ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात अँड्र्यू हॉवर्ड आणि नेट कोनिग यांनी केली. घराबाहेरच्या ओबडधोबड जमिनीवर चालणारे रोबो आधी संगणकात चालवून पाहता यावेत, हा त्यामागचा विचार होता. पुढे ते रोबोंचे प्रोग्रॅम लिहिण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या रॉस या प्रणालीशी जोडले गेले. जून २०१३ मध्ये अमेरिकेच्या डार्पा या संस्थेने भरवलेल्या स्पर्धेत अनेक देशांतल्या संघांनी गॅझेबोतलाच अ‍ॅटलस नावाचा माणसासारखा रोबो चालवला. नासाच्या व्हायपर या चंद्रासाठी आखलेल्या रोव्हरची तयारीही गॅझेबोत झाली. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या ई-यंत्र स्पर्धेमुळे हे नाव महाराष्ट्रातल्या कितीतरी अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या वसतिगृहांत पोहोचले. महागडा रोबो विकत घेणे ज्यांना शक्य नाही, अशा मुलामुलींनी रात्री जागून याच राखाडी जमिनीवर ड्रोन उडवले आहेत. हे पुस्तक लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर तेच वाचक होते.

आता प्रत्यक्ष कॅमेऱ्याकडे वळू. गॅझेबोतल्या कॅमेऱ्याचे वर्णन चार-पाच ओळींत संपते. आडवा दृश्यकोन १.०४७ रेडियन, म्हणजे ६० अंश. चित्राची रुंदी ६४० पिक्सेल, उंची ४८०. ०.१ मीटरच्या अलीकडचे आणि १०० मीटरच्या पलीकडचे चित्रात काढायचे नाही. नमुन्याच्या फायलींमध्ये हेच आकडे पुन्हा पुन्हा भेटतात, म्हणून मीही तेच घेतले. यात उभा दृश्यकोन दिलेला नसतो, आणि पहिली चूक इथेच होते. आडवे ६४० ला ६० अंश, तर उभे ४८० ला ४५, असे त्रैराशिक मांडले जाते. कोन असे प्रमाणात वाटले जात नाहीत. आधी नाभीय अंतर पिक्सेलमध्ये काढावे लागते. अर्धी रुंदी ३२० घ्या, तिला ३० अंशांच्या टॅनने भागा, ५५४.२६ मिळतात. मग अर्ध्या उंचीला, म्हणजे २४० ला, ५५४.२६ ने भागून त्याचा कोन काढा, तो २३.४१ अंश येतो. पूर्ण उभा दृश्यकोन झाला ४६.८३ अंश, ४५ नव्हे. फरक दोन अंशांच्याही आतला आहे. तो जमिनीवर उतरल्यावर केवढा होतो ते पुढे दिसेलच.

हा कॅमेरा जमिनीपासून १ मीटर उंचीवर, ३० अंश खाली झुकवून बसवू. दहावीच्या भूमितीत दीपगृहावरून जहाजाकडे पाहणारा माणूस असतो आणि अवनत कोनावरून जहाजाचे अंतर काढायचे असते. आपले गणित तेच आहे. चित्राच्या मधल्या ओळीचा अवनत कोन ३० अंश, म्हणून ती ओळ जमिनीला १.७३ मीटरवर टेकते. सर्वांत खालच्या ओळीचा अवनत कोन ३० अधिक २३.४१, म्हणजे ५३.४१ अंश, ती टेकते ०.७४ मीटरवर. सर्वांत वरच्या ओळीचा ३० वजा २३.४१, म्हणजे ६.५९ अंश, ती टेकते ८.६६ मीटरवर. रोबोच्या पुढ्यातली पाऊण मीटर जमीन त्याला दिसतच नाही, आणि जी दिसते ती पावणेनऊ मीटरांच्या जरा अलीकडे संपते. मघाच्या त्रैराशिकातले ४५ अंश धरले असते तर वरची कड ७.६० मीटरवर आली असती. कागदावर दोन अंशही न भरणाऱ्या चुकीने जमिनीवर एक मीटर खाल्ला.

रुंदी काढताना आणखी एक खड्डा आहे. वरची कड ८.६६ मीटरवर आहे, म्हणून तिथली रुंदी ८.६६ गुणिले ३० अंशांचा टॅन, दुप्पट, असे म्हणून १० मीटर काढली जाते. पण रुंदी ठरते ती कॅमेऱ्याच्या नजरेच्या दिशेने मोजलेल्या खोलीवरून, जमिनीवरच्या अंतरावरून नाही. वरच्या कडेसाठी ती खोली बरोबर ८ मीटर भरते, आणि रुंदी येते ९.२४ मीटर. खालच्या कडेशी खोली १.१४ मीटर आणि रुंदी १.३२ मीटर. चारही कोपरे जोडले की जमिनीवर एक समलंब चौकोन उभा राहतो. रोबोजवळ तो सव्वा मीटरपेक्षा थोडा जास्त रुंद असतो आणि पलीकडे एखाद्या मोठ्या खोलीएवढा पसरलेला. अभियंते याला कॅमेऱ्याचे फूटप्रिंट म्हणतात.

या चौकोनात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते त्याच्या आतले वाटप. एकूण क्षेत्रफळ सुमारे ४१.८ चौरस मीटर आहे. चित्राचा खालचा अर्धा भाग, म्हणजे निम्मे पिक्सेल, त्यातल्या केवळ १.८ चौरस मीटरवर खर्च झालेले असतात. उरलेले ४० चौरस मीटर वरच्या अर्ध्यात दाटीवाटीने बसवलेले असतात. खालच्या कडेशी पिक्सेलची एक ओळ जमिनीवर २.४ मिलिमीटर व्यापते, तर वरच्या कडेशी तीच एक ओळ साडेअकरा सेंटिमीटर. चित्र पाहताना डोळ्यांना हे जाणवत नाही. पडद्यावरच्या सगळ्या ओळी सारख्याच दिसतात. म्हणून ‘माझ्या कॅमेऱ्याची अचूकता अमुक’ असे एका आकड्यात सांगणाऱ्याला नेहमी विचारावे, चित्रातल्या कुठल्या ओळीत? तण काढायचे असेल तर खालच्या शंभर ओळी सोन्याच्या आहेत. दूरचा अडथळा पाहायचा असेल तर वरच्या थोड्या ओळींवर सगळी भिस्त असते, आणि नेमक्या त्याच ओळी सर्वांत कमी भरवशाच्या असतात.

किती कमी भरवशाच्या, ते एका अंशाने कळते. कॅमेरा ३० ऐवजी २९ अंश झुकवा. खालची कड ०.७४ वरून ०.७७ मीटरवर सरकते. तीन सेंटिमीटर, कुणाच्या लक्षातही येणार नाही. वरची कड ८.६६ वरून १०.२ मीटरवर जाते. तोच एक अंश, पण एका टोकाला बोटाच्या पेराएवढा फरक आणि दुसऱ्या टोकाला दीड मीटर. खरा रोबो ब्रेक लावताना पुढे झुकतो, त्याची डोलकाठी थरथरते, चाकाखाली खडा येतो. एक अंश ही तिथे रोजची गोष्ट आहे. ज्याने हा हिशेब एकदा हाताने केला, तो कॅमेऱ्याच्या पट्टीत एक जास्तीचा स्क्रू लावायला विसरत नाही.

झुकाव असाच कमी करत गेलो तर २३.४१ अंशांवर वरची कड क्षितिजाला भिडते. आपल्या ३० अंशांच्या मांडणीत क्षितिज चित्राच्या वरच्या कडेपासून ८० ओळी बाहेर असते. झुकाव २० अंश केला की ते चित्राच्या आत, वरून सुमारे ३८ व्या ओळीत येते, आणि त्याच्या वरच्या ओळींत जमीनच नसते. प्रोग्रॅमला मात्र हे आपोआप कळत नाही. किरण आणि प्रतल यांच्या छेदनबिंदूचे सूत्र आकाशाकडे जाणाऱ्या किरणालाही उत्तर देते, फक्त ते उत्तर रोबोच्या पाठीमागे पडते. मग फूटप्रिंटचे दोन कोपरे पुढे, दोन मागे, आणि मधे पीळ पडलेला चौकोन अशी विचित्र आकृती पडद्यावर येते. हे पाहून अनेकजण अक्षांची चिन्हे उलटीपालटी करत बसतात. चिन्हांत काही बिघडलेले नसते. किरण खाली जातो आहे का, एवढे आधी तपासायचे राहिलेले असते. जो किरण खाली जात नाही त्याला जमीन नाही, आणि जो अगदी थोडा खाली जातो त्याला कुठेतरी मर्यादा घालावी लागते. गॅझेबोतली १०० मीटरची मर्यादा त्या कामाला येते, पण रोबोच्या कामाला साजेशी, त्याहून कितीतरी कमी मर्यादा आपण ठरवावी, असे मी सुचवेन.

चिन्हांचा विषय निघालाच आहे, तर त्याबद्दल दोन शब्द. रॉसच्या प्रथेप्रमाणे रोबोच्या अंगावर एक्स पुढे, वाय डावीकडे आणि झेड वर असतो. कॅमेऱ्याच्या चित्राचे शास्त्र मात्र झेड पुढे, एक्स उजवीकडे आणि वाय खाली धरते, कारण चित्राच्या ओळी वरून खाली मोजल्या जातात. या दोन मांडण्या जोडण्यासाठी कॅमेऱ्याला दोन फ्रेम दिल्या जातात. त्यांतल्या एकीच्या नावाला शेवटी ‘ऑप्टिकल’ हा शब्द जोडलेला असतो. गॅझेबो स्वतः एक्सच्या दिशेने पाहतो. ही मधली फिरवणी राहून गेली तर फूटप्रिंट रोबोच्या कुशीला किंवा थेट आभाळात उमटते. झुकावाचेही तसेच आहे. गॅझेबोच्या फायलीत जागेसाठी ‘० ० १ ० ०.५२३६ ०’ लिहिले की कॅमेरा ३० अंश खाली पाहतो, कारण त्या मांडणीत धन झुकाव नाक खाली नेतो. विमानविद्येत झेड खाली धरतात आणि धन झुकाव नाक वर नेतो. ड्रोनवाले आणि चाकवाले एकाच प्रकल्पावर काम करू लागले की हे चिन्ह हमखास वादाचे कारण होते. पुस्तकात यासाठी वेगळे प्रकरण आहे, आणि ते कंटाळवाणे वाटले तरी गाळू नये अशी माझी विनंती आहे.

जमिनीवरून चित्र आणि चित्रावरून जमीन, ही ये-जा फार जुनी आहे. १४३५ मध्ये फ्लोरेन्सच्या लिओन बत्तिस्ता अल्बेर्तीने चित्रकलेवरच्या ग्रंथात फरशीचे चौकोन चित्रात कसे लहान लहान होत जातात त्याची रीत सांगितली. चित्रकार फरशीकडून चित्राकडे जात होता. सिम्युलेटरही तेच करतो, जगातला प्रत्येक त्रिकोण घेऊन तो कुठल्या पिक्सेलवर पडेल ते काढतो. रोबोला उलट जायचे असते, आणि उलट जाताना एक मिती हरवलेली असते. ती परत मिळवण्यासाठी जमीन सपाट आहे असे गृहीत धरायचे, ही युक्ती १९९१ मध्ये हान्सपेटर मॅलट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अडथळे ओळखण्यासाठी मांडली. इटलीत पार्मा विद्यापीठाच्या अल्बेर्तो ब्रोजी यांच्या गटाने तिच्या आधारे रस्त्याचे चित्र वरून पाहिल्यासारखे पसरवले आणि १९९८ मध्ये आर्गो ही गाडी इटलीच्या रस्त्यांवर सुमारे २००० किलोमीटर नेली, त्यातला बहुतेक प्रवास स्वयंचलित होता. वरून पाहिल्यासारख्या त्या चित्रात पांढरे पट्टे समांतर होतात आणि ओळखायला सोपे जातात. गाडी उसळली की तेच पट्टे पंख्यासारखे उघडमीट करतात. मघाचा एक अंश तो हाच.

चित्र कधीचे आहे, हा प्रश्न नवखे लोक विचारत नाहीत. कॅमेऱ्याचे चित्र प्रोग्रॅमपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. समजा रोबो जागच्या जागी सेकंदाला एक रेडियन वेगाने वळतो आहे आणि चित्र दशांश सेकंद जुने आहे. चित्र तेव्हाचे आणि रोबोची जागा आत्ताची घेतली, तर ८.६६ मीटरवरची वस्तू ८७ सेंटिमीटर बाजूला पडते. प्रत्येक चित्रासोबत वेळेचा शिक्का येतो. रोबोची जागा त्या वेळची मागायची, सर्वांत ताजी नव्हे. सिम्युलेटरमध्ये यात आणखी एक गुंता असतो. संगणकावर भार आला की सिम्युलेटरचा सेकंद खऱ्या सेकंदापेक्षा लांबतो. मग एक प्रोग्रॅम सिम्युलेटरच्या घड्याळावर आणि दुसरा भिंतीवरच्या घड्याळावर चालत असेल तर त्यांचा मेळ बसणे शक्यच नाही.

मंगळावरच्या इन्जेन्युइटी हेलिकॉप्टरला हा धडा हवेत असताना मिळाला. त्याचा दिशादर्शक कॅमेरा थेट खाली पाहणारा, कृष्णधवल, आपल्या उदाहरणासारखाच ६४० गुणिले ४८० पिक्सेलचा होता. २२ मे २०२१ रोजी सहाव्या उड्डाणात सुमारे ५४ व्या सेकंदाला एक चित्र हरवले. एका चित्राने काही बिघडले नसते, पण त्यानंतरच्या प्रत्येक चित्रावर चुकीच्या वेळेचा शिक्का बसत गेला. हेलिकॉप्टरला वाटणारी आपली जागा आणि खालची सरकणारी जमीन यांचा मेळ सुटला आणि ते वीस अंशांहून जास्त झुकत हेलकावे खाऊ लागले. नियंत्रणात पुरेसा राखीव वाव ठेवलेला होता, म्हणून ते ठरल्या जागेपासून पाच मीटरांच्या आत सुखरूप उतरले. या घटनेचा उल्लेख मी मुद्दाम सविस्तर करतो. वेळेच्या शिक्क्याची चूक ही प्रोग्रॅममधली किरकोळ बाब समजणाऱ्यांनी ती जमिनीच्या भूमितीत काय उलथापालथ करते ते एकदा पाहावे.

याच हेलिकॉप्टरने जमिनीच्या आकाराचा प्रश्नही सोडवून दाखवला. त्याचे गणित जमीन सपाट आहे असे धरून चाललेले होते. ५ जुलै २०२१ च्या नवव्या उड्डाणात त्याला सेइता नावाच्या वाळूच्या लाटांच्या, उताराच्या भागावरून न्यायचे होते. चमूने सपाटपणाचे गृहीतक आधीच तपासले, तिथल्या उतारांचा हिशेब घातला आणि उड्डाण पार पडले. गृहीतक चुकीचे असल्याचे आधी माहीत असणे आणि नंतर कळणे यांत किती अंतर असते, ते इथे दिसते.

आपल्या छोट्या रोबोवर हेच करून पाहू. त्याच्या पुढची जमीन मीटरला पाच सेंटिमीटर चढती आहे असे समजा. उभ्या माणसाला असा चढ सहसा जाणवतही नाही. चित्राची वरची ओळ आता ८.६६ ऐवजी ६.०४ मीटरवरच टेकते. तेवढाच उतार असेल तर १५.३ मीटरवर. सपाट जमिनीच्या सूत्राला दोन्ही वेळी ८.६६ च वाटत राहते. दोन मीटरवर ३० सेंटिमीटर उंचीची पेटी ठेवली तर तिच्यामागची ८६ सेंटिमीटर जमीन झाकली जाते, आणि ते सूत्र पेटीची वरची कड २.८६ मीटरवर, जमिनीवर झोपलेली दाखवते. उभ्या वस्तू अशा जमिनीवर लांबलचक सांडतात. विवराचे गणित तर आणखी वेगळे. एक मीटर उंचीवरच्या कॅमेऱ्याला तीन मीटरवरची विवराची अलीकडची कड १८.४ अंशांच्या अवनत कोनात दिसते. आतला उतार त्याहून तीव्र असेल तर अलीकडची भिंत दिसणारच नाही. कडेमागे एकदम पलीकडची भिंत सुरू होईल. खड्ड्याची खूण चित्रात खड्डा म्हणून येत नाही, ती सलग जमिनीत पडलेल्या तुटीच्या रूपाने येते. ज्याला सपाट जमिनीचे गणित पक्के येते त्यालाच ही तूट ओळखता येते, कारण कुठे काय दिसायला हवे होते हे त्याला माहीत असते.

म्हणूनच पुस्तकाच्या दुसऱ्या भागात सपाट प्रतल सोडून उंचसखल भूपृष्ठ घेतले आहे. तिथे प्रत्येक किरण थोडा थोडा पुढे सरकवत, तो जमिनीच्या खाली कधी जातो ते पाहावे लागते. चार कोपरे काढून भागत नाही. कडेने आणि आतून अनेक किरण सोडावे लागतात, आणि उत्तर चौकोन न राहता मधे भोके असलेला, फाटक्या काठांचा तुकडा होतो. सिम्युलेटरमध्ये खोली मोजणारा कॅमेराही मिळतो, तो प्रत्येक पिक्सेलचे अंतर तयार हातात देतो. माझे म्हणणे स्पष्ट आहे: तो कॅमेरा उत्तर तपासायला वापरा, उत्तर काढायला सुरुवातीला वापरू नका. तयार अंतर मिळाले की कोन, वेळ आणि जमीन या तिन्हींचा विचार करण्याची गरज संपते, आणि ज्या दिवशी रोबोवर साधा कॅमेरा येतो त्या दिवशी हातात काहीच उरत नाही.

सिम्युलेटरच्या कॅमेऱ्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. आपण मुद्दाम सांगितल्याशिवाय त्याचे भिंग रेघ वाकवत नाही, चित्रात खरखर येत नाही, काचेवर धूळ बसत नाही. खऱ्या स्वस्त कॅमेऱ्यात चित्राच्या ओळी एकापाठोपाठ एक टिपल्या जातात, त्यामुळे वेगाने वळताना उभा खांब तिरका दिसतो. सिम्युलेटर सगळे चित्र एकाच क्षणी काढतो. सिम्युलेटरमध्ये जमलेले शेतात जमेलच असे कुणी समजू नये. पण सिम्युलेटरमध्येच जे जमले नाही ते शेतात जमण्याचा संभव नाही, हे मात्र खात्रीने सांगता येते. शिवाय आपले आकडे हाताशी असले की खऱ्या कॅमेऱ्याच्या कुठल्या दोषाकडे आधी पाहायचे ते कळते. वरच्या ओळींवर अवलंबून असाल तर झुकाव, वेगाने वळणार असाल तर वेळ, आणि चित्राच्या कोपऱ्यांत काम असेल तर भिंग.

वाचकाकडून अपेक्षा थोडी आहे: दहावीची त्रिकोणमिती, सदिशांची तोंडओळख आणि पायथॉनमध्ये पन्नासेक ओळी लिहिण्याची तयारी. मॅट्रिक्स लागेल तिथे समजावून सांगितले आहे. प्रत्येक प्रकरणातले पहिले उदाहरण कागदावर सोडवलेले आहे आणि प्रोग्रॅम त्यानंतर येतो. हा क्रम बदलू नये. तयार लायब्ररी एका ओळीत हेच उत्तर देते, पण उत्तर चुकले असेल तेव्हा ती एक ओळ काही बोलत नाही.

सरावाच्या उदाहरणांची उत्तरे पुस्तकाच्या शेवटी दिलेली नाहीत; त्यांची गरज नाही. जमिनीवर ५ मीटर पुढे, अगदी समोर, एक लाल ठिपका ठेवा. आपल्या कॅमेऱ्यासाठी तो चित्रात वरून सुमारे ५२ व्या ओळीत यायला हवा. चित्र साठवा, मोठे करा आणि ओळ मोजा. एका ओळीचा फरक पडला तर गॅझेबोच्या जुन्या आवृत्तीतून येणाऱ्या माहितीत चित्राचा मध्य ३२० आणि २४० ऐवजी ३२०.५ आणि २४०.५ लिहिलेला असतो, तिकडे आधी पाहा. दहा ओळींचा फरक पडला तर झुकाव तपासा. ठिपका सापडलाच नाही, तर अक्षांचे प्रकरण पुन्हा उघडा.